डॉक्युमेंटेशन नसलेली माणसं

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, अंगावर काटा आणणारं वाक्य कुठलं? 'डेडलाइन उद्या आहे' हे तर मुळीच नाही, त्याची सवय होते. खरं भीतिदायक वाक्य हे: "सिस्टीम चालू आहे, लिहिणारे सगळे सोडून गेलेत, आणि डॉक्युमेंटेशन नाहीये." मग आपण काय करतो? लॉग चाळतो, टेबलांची आणि कॉलमची नावं वाचतो, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी टाकलेली अर्धवट कमेंट सापडली तर आनंदाने उडी मारतो. आणि त्यावरून अंदाज बांधतो की लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं असेल.

गेले काही महिने शनिवार-रविवारी मी अशाच एका सिस्टीमबद्दल वाचतोय. ही सिस्टीम माणसांची आहे. प्राचीन बाल्टिक लोकांची.

आता हा विषय माझ्यासारख्या इंजिनिअरच्या डोक्यात शिरला कसा? क्लायंटचं ऑफिस विल्नियसला, म्हणजे लिथुआनियाच्या राजधानीत. प्रोजेक्टसाठी सहा आठवडे तिथे होतो. डिसेंबर महिना, चार वाजायच्या आत सूर्य मावळणार. शनिवारी करायचं काय? म्युझियममध्ये हीटिंग चांगलं असतं, हे माझं इतिहासप्रेमाचं मूळ कारण :)

आधी भूगोल. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर तीन छोटे देश आहेत: एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया. बातम्यांमध्ये तिघांना एकत्रच 'बाल्टिक देश' म्हणतात. पण भाषेच्या हिशेबाने एस्टोनियन लोक वेगळ्या घराण्यातले, फिनलंडवाल्यांचे नातेवाईक. बाल्टिक घराण्यातल्या आज दोनच भाषा जिवंत आहेत, लिथुआनियन आणि लाटव्हियन. तिसरी एक होती, जुनी प्रशियन. तिच्याकडे शेवटी येतो.

*

'प्रागैतिहासिक' म्हटलं की आपल्याला गुहा, दगडी हत्यारं आणि अंगावर कातडी पांघरलेली माणसं आठवतात. पण या शब्दाचा साधा अर्थ आहे, लेखी नोंदींच्या आधीचं. आणि तो अर्थ धरला, तर बाल्टिक लोकांचा प्रागैतिहासिक काळ फार लांबतो. अगदी तेराव्या शतकाच्या आसपासपर्यंत. लिथुआनियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक आलं १५४७ साली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर अडीचशे वर्षं उलटली, तेव्हा कुठे लिथुआनियन भाषेला स्वतःचं पहिलं पुस्तक मिळालं.

त्याआधीचं जे काही लेखी आहे, ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. सुमारे इ. स. ९८ मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटसने 'जर्मेनिया' लिहिलं. त्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या 'एस्ती' नावाच्या लोकांबद्दल थोड्या ओळी आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांना बाल्टिक लोक मानतात. टॅसिटस सांगतो, हे लोक देवांच्या मातेला भजतात, अंगावर रानडुकराच्या प्रतिमा बाळगतात, आळशी जर्मनांपेक्षा चिकाटीने धान्य पिकवतात. आणि किनाऱ्यावर अंबर गोळा करतात. त्याचं त्यांना स्वतःला काही अप्रूप नाही, आणि रोमन व्यापारी त्याचे पैसे मोजतात याचंच त्यांना नवल वाटतं.

हे वाचून मला हसू आलं. बाल्टिक लोकांची ही पहिली म्हणता येईल अशी नोंद चक्क क्लायंटने लिहिलेली आहे! व्हेंडरला काय वाटत होतं, हे कुणी विचारलंच नाही. एवढंच काय, टॅसिटस स्वतः तिथे गेल्याचा काही पुरावा नाही. सगळी ऐकीव माहिती.

अंबर म्हणजे झाडाचा डिंक. चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे जी जंगलं होती, त्यांचा चीक गोठून, गाडला जाऊन दगडासारखा झाला. पण तो दगडासारखा जड नसतो. खाऱ्या पाण्यात बहुतेक वेळा तरंगतो, जाळला तर जळतो आणि सुगंध येतो. लोकरीवर घासला तर कस्पटं ओढून घेतो. ग्रीक त्याला 'एलेक्ट्रॉन' म्हणत. आपल्या 'इलेक्ट्रिसिटी'चं मूळ तिथे आहे. वादळ झालं की आजही बाल्टिकच्या किनाऱ्यावर लोक वाळूत वाकून अंबराचे तुकडे शोधताना दिसतात.

हे अंबर फार लांब गेलं. ग्रीसमधल्या मायसिनीच्या राजांच्या कबरींत, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत, अंबराचे मणी ढिगाने सापडले. ते कुठलं? कर्ट बेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी वापरून दाखवलं की बाल्टिक अंबराच्या आलेखाला एक ठरावीक वळण असतं. इतर अंबरांना ते नसतं. मायसिनीच्या मण्यांना ते होतं. अक्षरशः फिंगरप्रिंट! उत्तरेच्या थंड किनाऱ्यावर कुणीतरी उचललेला खडा हातोहात भूमध्य समुद्रापर्यंत पोचला होता. उलट्या दिशेने ब्राँझ आलं, कारण बाल्टिक प्रदेशात ना तांबं, ना कथील. कुणीही एक अक्षर लिहिलं नाही, पण व्यवहार झाला आणि त्याचा लॉग उरला.

*

आता थोडं आणखी खोल जाऊ. लाटव्हियात बुर्टनिएक्स सरोवराकाठी झ्वेयनिएकी नावाची जागा आहे. १९६४ ते १९७१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि तीनशेहून जास्त माणसांचं दफनस्थान मिळालं. वैशिष्ट्य हे की लोक तिथे हजारो वर्षं आपल्या माणसांना पुरत राहिले. काही कबरींत गेरू पसरलेला, काहींत प्राण्यांच्या दातांची लटकनं, काहींत अंबर. हे सगळे शिकारी आणि मासेमार. दक्षिणेकडे युरोपभर शेती पसरत होती, तेव्हा ही मंडळी मडकी घडवत होती, पण पोट शिकारीवर आणि मासळीवरच भरत होती. जंगल आणि पाणी भरपूर देत असेल तर नांगर कशाला धरायचा?

लिथुआनियाच्या किनाऱ्यावर श्वेन्तोयी इथे अशीच एक वस्ती मिळाली. दलदलीच्या मातीत हवा शिरत नाही, त्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तिथे टिकल्या. मासेमारीच्या जाळ्यांचे अवशेष, एल्क नावाच्या मोठ्या हरणाचं डोकं कोरलेले शिंगाचे दंड, आणि माणसाचा चेहरा कोरलेला एक लाकडी खांब. म्युझियममध्ये या वस्तूंबद्दल वाचत असताना एक नाव सारखं समोर येत होतं, रिमुते रिमान्तिएने. या बाईंनी १९६० च्या दशकापासून हा परिसर खणला. १९२० साली जन्म, २०२३ साली मृत्यू, म्हणजे शंभरी पार केली. त्यांचे आजोबा योनास याब्लोन्स्किस. ते कोण? आधुनिक प्रमाण लिथुआनियन भाषेचे जनक.

या आजोबांच्या काळात काय होतं ते ऐका. १८६३ च्या उठावानंतर रशियन साम्राज्याने लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी घातली. ही बंदी १९०४ पर्यंत चालली, चाळीस वर्षं. मग पुस्तकं सीमेपलीकडे, जर्मन राज्यात छापायची आणि रात्री पाठीवर लादून चोरून आणायची. या लोकांना 'पुस्तकवाहक' म्हणत. काही पकडले गेले, काही सैबेरियात पाठवले गेले, काहींना गोळ्या लागल्या. याब्लोन्स्किस यांचं व्याकरणसुद्धा १९०१ साली टोपणनावाने, सीमेपलीकडच्या तिल्सितमध्ये छापलं गेलं. आजोबांनी भाषेचं डॉक्युमेंटेशन केलं, नातीने भाषेच्याही आधीच्या माणसांचं. एका घरात एवढं काम!

*

पण थांबा. 'भाषेच्याही आधीच्या' असं मी का म्हटलं? कारण झ्वेयनिएकीचे शिकारी बाल्टिक भाषा बोलत नसणार. ही भाषा तिथे नंतर आली, आणि ती कशी आली हा गेल्या शंभर वर्षांतला मोठा वाद आहे.

इथे दुसऱ्या एका विल्नियसकर बाई येतात, मारिया गिम्बुतास. १९२१ चा जन्म, आई-वडील दोघं डॉक्टर. १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा परत येत असताना त्या तान्ही मुलगी आणि पीएचडीचा प्रबंध घेऊन पश्चिमेकडे पळाल्या. १९४६ ला जर्मनीत ट्यूबिंगेनला पदवी, १९४९ ला अमेरिका. १९५६ साली त्यांनी मांडलं की इंडो-युरोपियन भाषांचं मूळ काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात आहे. घोडे, गाड्या आणि गुरं घेऊन तिथली माणसं युरोपात पसरली. १९६३ साली त्यांचं 'द बाल्ट्स' हे पुस्तक आलं. इंग्रजी वाचणाऱ्यांना या लोकांची सविस्तर ओळख झाली ती त्यातून.

पुढे बऱ्याच पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा स्थलांतराचा सिद्धांत बाजूला ठेवला. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८७ मध्ये प्रतिसिद्धांत मांडला, की या भाषा तुर्कस्तानातल्या शेतकऱ्यांबरोबर पसरल्या. गिम्बुतास १९९४ मध्ये गेल्या. आणि मग २०१५ मध्ये प्राचीन डीएनएचे दोन मोठे अभ्यास आले. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातून युरोपात खरोखरच मोठं स्थलांतर झालं होतं. २०१७ साली शिकागोतल्या एका व्याख्यानात रेन्फ्रू यांनी स्वतःच गिम्बुतास यांच्या बाजूने पुरावा झुकल्याचं मान्य केलं. कोड रिव्ह्यूमध्ये इतका मोठा मान्यतेचा शेरा मी तरी पाहिलेला नाही. (गिम्बुतास यांचं शांतताप्रिय, मातृदेवतापूजक जुन्या युरोपचं चित्र मात्र आजही वादातच आहे. एका बाबतीत बरोबर म्हणजे सगळ्याच बाबतीत बरोबर, असं नसतं.)

बाल्टिक प्रदेशातल्या हाडांचे डीएनए अभ्यास २०१७ आणि २०१८ मध्ये आले. तेही तेच सांगतात. आधी शिकारी. मग पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास नवी माणसं, ओल्या मडक्यावर पिळाची दोरी दाबून नक्षी उठवणारी, कबरीत दगडी कुऱ्हाड ठेवणारी. त्यानंतर मात्र शिकाऱ्यांचा वंश पुसला गेला नाही, उलट काही काळाने त्याचा वाटा पुन्हा वाढला. आजच्या युरोपात त्या जुन्या शिकाऱ्यांचा सर्वात जास्त वाटा बाळगणाऱ्यांत लिथुआनियन आणि लाटव्हियन लोक आहेत. म्हणजे नव्या सिस्टीमने जुनी पूर्ण काढून टाकली नाही. दोन्ही मर्ज झाल्या, आणि भाषा नव्यांची राहिली.

*

आणि आता तो भाग, ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचत आलात :) होय, संस्कृत.

लिथुआनियनमध्ये अंक मोजतात ते असे: दू, त्रीस, केतुरी, पेन्की, शेशी, सेप्तिनी, अश्तुओनी, देविनी, देशिम्त. आग म्हणजे उग्निस. धूर म्हणजे दूमाय. मुलगा म्हणजे सूनुस, संस्कृतात सूनु. लांडगा विल्कास, संस्कृतात वृक. मध मेदुस. देव दिएवास. पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एका सहकारिणीने हे सगळं टिश्यू पेपरवर लिहून दाखवलं, तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो.

याचे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. 'लिथुआनियन ही संस्कृतचीच मुलगी', 'त्यांची नेमुनास नदी म्हणजे आपली यमुना' वगैरे. आमच्या पुण्याच्या टीममधल्या एकाने कॉलवर तिला हे अगदी कौतुकाने ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, "तुमची भाषा आमच्या भाषेतून आली असं मी म्हटलं तर चालेल का?" कॉलवर दोन सेकंद शांतता. मग सगळेच हसले. पण प्रश्न बिनतोड होता.

कारण सारखेपणा दोन प्रकारचा असतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. दोन फाइल्समध्ये एकच व्हेरिएबल दिसलं म्हणजे एकीतून दुसरी कॉपी झाली असं नसतं, दोन्ही तिसऱ्याच फाइलमधून आलेल्या असू शकतात. हे ठरवायला नुसता कानाला येणारा सारखेपणा पुरत नाही, नियम लागतो. आणि इथे नियम आहे. कित्येक शब्दांत संस्कृतच्या 'ह'च्या जागी लिथुआनियनमध्ये 'झ' येतो. हिम म्हणजे झिएमा, हिवाळा. हंस म्हणजे झासिस, त्यांचं बदक-हंसाच्या जातीतलं 'गूज'. वह् म्हणजे वेझ्ती, वाहून नेणे. दोन्ही भाषांनी एकाच जुन्या ध्वनीचं आपापल्या परीने काहीतरी वेगळं केलं. 'ह' हा काही त्या 'झ'चा बाप नव्हे, दोघं चुलत भावंडं. आणि नेमुनास-यमुनेचं म्हणाल, तर संस्कृतच्या शब्दारंभीचा 'य' लिथुआनियनमध्ये 'य'च राहतो. त्याचा 'न' होत नाही. टेस्ट केस फेल.

भारतात हा विषय नीट हाताळणारं पुस्तकही आहे बरं का. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांचं 'बाल्ट्स अँड आर्यन्स', सिमल्याच्या संस्थेने १९६८ मध्ये काढलेलं. फॉरवर्डपेक्षा जड आहे, पण टिकाऊ आहे.

मग ही भावंडं वेगळी कुठे झाली? आज बहुतेक अभ्यासक मांडतात ती वाट अशी. दोरीच्या नक्षीची मडकी बनवणाऱ्यांचाच एक गट पूर्वेला, आजच्या मॉस्कोच्या आसपास गेला. तिथून पुढे उरल पर्वताच्या पूर्वेला सिंताश्ता संस्कृती, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, जिथे आरे असलेल्या चाकांचे रथ कबरींत मिळाले. तिथून मध्य आशिया. आणि २०१९ च्या एका मोठ्या डीएनए अभ्यासानुसार इ. स. पू. २००० ते १५०० च्या दरम्यान तो वंश आपल्या उपखंडात मिसळला. आपल्याकडे यावर भांडणं होतात, होत राहतील. मला त्या भांडणापेक्षा एक छोटी यादी जास्त खिळवून ठेवते.

चाक, लिथुआनियनमध्ये रातास. संस्कृतात रथ. चाकाचा आस, लिथुआनियनमध्ये अशिस. संस्कृतात अक्ष, मराठीत आस. बैलांच्या मानेवरचं जू, लिथुआनियनमध्ये युंगास. संस्कृतात युग, मराठीत जू.

गाडीचे सुटे भाग! ज्या लोकांनी गाडी जुंपून गवताळ प्रदेश ओलांडला, त्यांचे दोन टोकांना गेलेले वंशज पाच हजार वर्षांनी गाडीच्या भागांना अजून त्याच नावांनी ओळखतात. कुठल्याही राजाने हुकूम काढला नव्हता. शेतकऱ्याने पोराला सांगितलं, 'ते जू उचल,' आणि त्या पोराने आपल्या पोराला.

*

न लिहिणाऱ्यांनी कायकाय मागे ठेवलं याची यादी मग वाढतच गेली.

नद्या घ्या. १९६२ साली तोपोरोव्ह आणि त्रुबाच्योव्ह या दोन रशियन भाषाशास्त्रज्ञांनी नीपर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्यांची नावं तपासली. आज तिथे बेलारूस आणि रशिया आहे, भाषा स्लाव्हिक. पण शेकडो ओढ्या-नद्यांची नावं बाल्टिक निघाली. एके काळी बाल्टिक भाषा आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रदेशात बोलल्या जात होत्या. माणसं गेली किंवा भाषा बदलून तिथेच राहिली, नवे लोक आले, आणि त्यांनी नदीचं नाव काय म्हणून जुनंच विचारून घेतलं. जुन्या कोडमधली व्हेरिएबलची नावं कुणी बदलत नाही, तसंच.

गाणी घ्या. लाटव्हियात 'दाइना' नावाची छोटी लोकगीतं आहेत, बहुतेक चार ओळींची. क्रिशयानिस बारोन्स नावाच्या माणसाने आयुष्य घालवून ती जमवली. शिक्षण गणित आणि खगोलशास्त्राचं, म्हणजे आपल्याच पंथातला! त्याने १८८० मध्ये खास कपाट करून घेतलं. छोटे छोटे कप्पे, त्यात कागदाच्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक गाणं. १८९४ ते १९१५ मध्ये त्याने दोन लाख सतरा हजारांहून जास्त गाणी छापली. ते कपाट २००१ पासून युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत आहे. त्या गाण्यांत सूर्य ही बाई आहे, तिच्या मुली आहेत, आणि त्यांच्या मागे घोड्यांवरून येणारे देवाचे मुलगे. ऋग्वेदातले अश्विनीकुमार आणि सूर्याची मुलगी सूर्या आठवते ना? अभ्यासक इथे खरं नातं मानतात.

पण इथेही नियम सोडायचा नाही. जुन्या लिथुआनियात घरात बिनविषारी साप पाळत, त्याला दूध ठेवत. आपल्याला लगेच नागपंचमी आठवते. मात्र साप जगभर आहेत, आणि धान्य साठवणाऱ्या घरात उंदीर खाणाऱ्या सापाचा मान राखणं कुणालाही सुचू शकतं. हे योगायोगात टाकायचं की नात्यात, हे मी उघडं ठेवलंय.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. कँटीनमध्ये त्याच सहकारिणीच्या हातून राय-ब्रेडचा तुकडा खाली पडला. तिने तो उचलला, नकळत ओठांना लावला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, आजीने लावलेली सवय. ब्रेडला त्यांच्यात दुओना म्हणतात, संस्कृत 'धाना'चा, म्हणजे धान्याच्या दाण्यांचा, नातेवाईक. अन्नाला पाय लागला की आपला हात नकळत कपाळाकडे जातो. ही सवय वारशाने आली की दोन्हीकडे आपापली घडली, सांगता येणार नाही. पण त्या टेबलावर मला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

*

आता तिसरी भाषा. जुनी प्रशियन.

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्यावर प्रशियन लोक राहत. अंबराचा सगळ्यात मोठा साठा त्यांच्याच भागात. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक नाइट्स धर्मयुद्ध घेऊन आले आणि जवळपास पन्नास वर्षं लढून १२८३ पर्यंत त्यांनी तो प्रदेश जिंकला. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती, त्याच्या सातच वर्षं आधी. लिथुआनियाने त्याच नाइट्सना तोंड दिलं, स्वतःचं राज्य उभं केलं, १३८७ मध्ये आपल्या सोयीने ख्रिस्ती धर्म घेतला आणि भाषा वाचवली. प्रशियनांकडे राज्य नव्हतं. जिंकणाऱ्यांनी जमीन घेतली आणि कालांतराने नावही घेतलं. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो ते बिस्मार्कचं 'प्रशिया' जर्मन. ज्यांचं ते मूळ नाव, त्यांची भाषा १७०९ ते १७११ च्या प्लेगनंतर संपली.

उरलं काय? एक जर्मन-प्रशियन शब्दयादी, सुमारे १४०० सालच्या प्रतीत, ८०२ शब्दांची. देवापासून सुरू होणारी, विषयवार लावलेली. १५४५ आणि १५६१ ची भाषांतरित धर्मपुस्तकं. आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे एका हस्तलिखिताच्या पानावर कुणीतरी खरडलेल्या दोन ओळी, १३६९ सालच्या. त्या १९७४ मध्ये लक्षात आल्या. कुठल्याही बाल्टिक भाषेतलं हे सर्वात जुनं लेखन. त्यात काय असेल? राजाची वंशावळ? देवाची प्रार्थना? छे! प्यायला पुढे आणि पैसे द्यायला मागे असलेल्या मित्राला मारलेला टोमणा आहे.

मला ही गोष्ट आधी प्रचंड विनोदी वाटली, मग झोप उडाली. एका अख्ख्या समाजाच्या भाषेतलं सगळ्यात जुनं वाक्य म्हणून हे टिकलं. ती यादी करणाऱ्याने ८०२ शब्द त्याच्या कामापुरते घेतले. नवरा-बायको भांडताना काय म्हणत, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून आई काय म्हणे, हे यादीत बसत नव्हतं. ते कुणी विचारलं नाही, आणि मग विचारायला कुणी उरलं नाही.

विल्नियसहून परत आल्यावर एका रविवारी मी गावी आजीला फोन लावला. म्हटलं, "आजी, बैलगाडीच्या सगळ्या भागांची नावं सांग ना."

"कशाला रं? गाडी घ्यायचीया व्हय?"

"नाही गं, लिहून ठेवतोय."

तिला ते काही झेपलं नाही. पण सांगायला लागली. जू, शिवळ, धुरा, आस, तुंबा, आरे, धाव... मध्येच थांबून म्हणाली, "तुझ्या आज्याला इचारायला पायजे हुतं, त्यांनला समदं ठावं हुतं." आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या वाड्यातली शेवटची बैलगाडी विकली तेव्हा मी पाचवीत होतो. 'जू' हा शब्द गवताळ प्रदेशातून निघून पाच हजार वर्षं चालत आमच्या अंगणापर्यंत आला, आणि माझ्या तोंडात तो कधी आलाच नाही. मला लागलाही नाही. यात कुणाचा दोष नाही. ट्रॅक्टरला जू नसतं.

सध्या माझ्या एक्सेल शीटमध्ये १४३ शब्द आहेत. गाडी, नांगर, मोट, चूल, जातं. प्रत्येकापुढे एक कॉलम आहे, 'कुणी सांगितला'. तो जवळपास सगळा एकाच नावाने भरलाय. पुढच्या शनिवारी गावी जातोय, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही धरून बसवायचा विचार आहे. तुमच्याकडेही असं कुणी असेल, तर मोटेपासून सुरुवात करा. बहुतेक शब्द तिथे आधी हरवतात.